सीआरपी ४८ : अँटिबायोटिक लिहायचं की थांबायचं?

बाह्यरुग्ण (धागाकर्ता)

प्रश्न जनरल प्रॅक्टिसवाल्यांसाठी आहे, पण लॅबवाल्यांनी आणि आकडेवाल्यांनीही यावं.

कागदावरची केस अशी. वय ४२, सिगारेट नाही, दमा-मधुमेह काही नाही. तीन दिवस ताप, खोकला, पिवळसर बेडका. ताप ३८.४, नाडी ९६, श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजन ९७ टक्के. छाती दोन्हीकडे स्वच्छ. रॅपिड सीआरपीच्या (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन मोजणारी चाचणी) रिपोर्टवर आकडा ४८.

ब्रिटनच्या 'नाइस'ने (उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी संस्था) २०१४ साली न्यूमोनियाच्या मार्गदर्शक सूचनांत तीन खण पाडून दिले. २० च्या खाली अँटिबायोटिक नको. १०० च्या वर द्या. मधल्यांना चिठ्ठी आज लिहा पण औषध लगेच सुरू करू नका. माझी अडचण या मधल्या खणाची आहे. २२ आणि ९८ एकाच खणात बसतात आणि दोघांना एकच सल्ला! मग बोट टोचून हाती लागलं काय?

माझं मत, उलटतपासणीला तयार राहून: ज्याला ताप त्याला टोच, असं या चाचणीचं काम नाही. छाती ऐकून झाल्यावरही मन दोन्हीकडे हेलकावत असेल तरच करावी. पण हेलकावणाऱ्या मनाला ४८ काय सांगतो, ते सांगा.

नाडीपरीक्षा

मताशी सहमत. टोचण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: जास्त आली तर काय करीन, कमी आली तर काय करीन? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर लॅन्सेट (टोचायची सुई) परत डब्यात.

एका बाजूला क्रेप्ट्स (छातीतली बारीक करकर) ऐकू येतायत, श्वास ३०, माणूस बोलताना गोंधळतोय. इथे सीआरपी १२ आली म्हणून कोणी घरी पाठवणार आहे का? न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणारा सीआरबी-६५ स्कोअर मोजा (गोंधळ, श्वास ३० किंवा जास्त, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० किंवा कमी, वय ६५ किंवा जास्त) आणि पाठवायचं तिथे पाठवा. दुसऱ्या टोकाला नाक वाहतंय, घसा खवखवतोय, माणूस हसतखेळत बसलाय. तिथेही नको. उरला तो मधला.

कफल्लक

नावामुळे या धाग्यावर माझा पहिला हक्क होता, उशीर झाला.

बेडका पिवळा म्हणजे बॅक्टेरिया, हे डोक्यातून काढा. हिरवा-पिवळा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइममुळे. व्हायरल ब्राँकायटिसमध्येही त्या पेशी तितक्याच हौसेने जमतात. एरवी धडधाकट माणसात रंगावरून औषध ठरवू नये.

सीओपीडीवाल्याची (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेला जुनाट आजार) गोष्ट वेगळी. तिथे बेडका नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त पुवाळलेला झाला तर त्याला अर्थ आहे, आणि कट-ऑफही (निर्णयाच्या सीमारेषा) वेगळे आहेत. २०१९ साली इंग्लंड-वेल्समधली 'पेस' चाचणी (रुग्णांच्या दोन गटांची तुलना करणारा अभ्यास) प्रसिद्ध झाली. त्यात डॉक्टरांना दिलेला ठोकताळा असा: २० च्या खाली अँटिबायोटिकचा फायदा होण्याची शक्यता कमी, २० ते ४० मध्ये बेडका पुवाळलेला असेल तर कदाचित, ४० च्या वर बहुधा होईल. चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेणारे ७७ टक्क्यांवरून ५७ वर आले आणि रुग्णांची तब्येत त्यापायी बिघडली नाही. सीओपीडी असेल तर 'नाइस'चे तीन खण विसरा.

चौकस

मी वैद्यकीय नाही, वाचतोय. सीआरपीतला सी म्हणजे व्हिटॅमिन सी का? :)

थेंबे_थेंबे

@चौकस, नाही हो. :) न्यूमोकॉकस जंतूच्या पेशीभिंतीत एक 'सी-पॉलिसॅकराइड' असतं. त्याला चिकटणारं प्रोटीन आजारी माणसांच्या रक्तात १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडलं, म्हणून सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. यकृतात तयार होतं. इंटरल्यूकिन-६ चा (दाहाचा निरोप नेणारं प्रोटीन) हुकूम आला की सहा-आठ तासांत वाढायला लागतं, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतं. अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) साधारण १९ तास, आणि ते आजार कुठलाही असो बदलत नाही. म्हणून रक्तातला आकडा म्हणजे यकृत सध्या किती माल काढतंय त्याचा हिशोब.

आता लॅबवालीचं गाऱ्हाणं. आकड्यावर सगळे वाद घालतात, तो आकडा निघतो कसा ते कोणी बघत नाही. छोट्या मशिनवर सीआरपी चुकण्याच्या नेहमीच्या जागा सांगते.

बोट: मधलं किंवा अनामिका, टोकावर नाही तर कडेला. हात गार असेल तर आधी कोमट करायचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, ओल्यावर टोचलं की थेंब पसरतो आणि पातळही होतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. दुसरा थेंब आपणहून येऊ द्यायचा. बोट पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खाली येतो. इथे हमखास घाई होते.

केशनळी (थेंब ओढून घेणारी बारीक नळी): आडवी धरून थेंबाला नुसती टेकवायची, ती स्वतः ओढून घेते. बुडबुडा राहिला तर ती फेकून दुसरी घ्यायची. बाहेरून लागलेलं रक्त पुसायचं, पण टोकाला टिश्यू टेकवायचा नाही, नाहीतर आतलं रक्त टिश्यू पितो. काही मशिनना दीड मायक्रोलिटर पुरतं, काहींना दहा-वीस लागतं. दीड मायक्रोलिटरच्या नळीबाहेर थोडंसं रक्त चिकटून राहिलं तरी टक्केवारीत ते मोठं भरतं.

कार्ट्रिज (मशिनमध्ये घालायची चाचणीची डबी): फ्रिजमधली असेल तर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, किती वेळ ते तिच्या पत्रकात असतं. गार कार्ट्रिजवर रिअॅक्शन मंद होते. पाकीट फोडून ठेवलेली कार्ट्रिज हवेतला ओलावा पिते. "सकाळीच पाच फोडून ठेवल्या" हा प्रकार बंद. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून गोठलेलीही बाद.

आणि लॅन्सेट एकदाच वापरायचं, आपोआप आत जाणारं. एकच टोचणी-पेन सगळ्यांना वापरलं तर सुई बदलूनही हिपॅटायटिस बी पसरू शकतो.

नाडीपरीक्षा

थेंबेताई, हे छापून भिंतीवर लावायला हवं. एक भर घालतो: मशिन चार मिनिटं घेतं, त्यातलं एक मिनिट श्वास मोजायला वापरा. पूर्ण साठ सेकंद, घड्याळ बघून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. सगळ्यांच्या केसपेपरवर श्वास १८ किंवा २० च का असतो, हे एक गूढच आहे.

बाह्यरुग्ण

वरच्या केसमधला १८ मोजलेला आहे असं समजा. हलकेच घ्या.

आकडेमोड

धाग्याचा मूळ प्रश्न संभाव्यतेचा आहे म्हणून बोलतो.

२०१३ साली युरोपातल्या १२ देशांचा एक अभ्यास आला. तीव्र खोकल्याचे २,८२० रुग्ण, त्यांतल्या १४० जणांच्या एक्स-रेत न्यूमोनिया, म्हणजे ५ टक्के. नाक वाहत नसणं, धाप, क्रेप्ट्स, श्वासाचा आवाज कमी येणं, जलद नाडी आणि ताप या गोष्टींवरून अंदाज बांधला होता. त्यात सीआरपी ३० च्या वर ही एकच गोष्ट जोडली तर अंदाज सुधारला. प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गात रक्तात वाढणारं दुसरं एक द्रव्य) जोडून कामाची भर पडली नाही.

आता एक काल्पनिक हिशोब. खोकल्याचे १०० जण, ५ जणांना न्यूमोनिया. समजा कट-ऑफच्या वर त्या ५ पैकी ४ सापडतात आणि बाकी ९५ पैकी १९ जणही विनाकारण वर येतात. वर आलेले एकूण २३, खरे ४. म्हणजे 'पॉझिटिव्ह' असूनही सहातल्या पाचांना न्यूमोनिया नाही. खाली राहिलेले ७७, त्यांत न्यूमोनिया एकालाच. चाचणीचा जोर नकारात आहे. कमी आकडा बघून औषध न देणं सोपं जातं, जास्त आकडा मात्र नुसता "नीट बघ" एवढंच म्हणतो.

एक लक्षात घ्या. हेच १०० जण आधी छाती तपासून गाळून घेतले तर सुरुवातीचे ५ टक्के बदलतात आणि पुढचं सगळं गणित बदलतं. छाती स्वच्छ, नाडी शंभरच्या आत, तर ५ चे २ वगैरे धरा. त्यात वर आलेल्यांतले खरे आणखी कमी.

स्टेथोस्कोप_झिंदाबाद

मी विरोधी पक्ष. हे यंत्र म्हणजे डॉक्टरच्या धीराला लावलेली कुबडी आहे.

२००९ साली नेदरलँड्सची चाचणी आली, एकाच वेळी दोन गोष्टी तपासणारी. सीआरपी यंत्र दिलेल्या डॉक्टरांनी ३१ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक लिहिलं, न दिलेल्यांनी ५३. आणि यंत्राऐवजी नुसतं रुग्णाशी नीट बोलायचं प्रशिक्षण घेतलेल्यांनी २७ टक्के, न घेतलेल्यांनी ५४. पुन्हा २०१३ साली सहा देशांत तेच: सीआरपीचं प्रशिक्षण ३३ विरुद्ध ४८, बोलण्याचं ३६ विरुद्ध ४५. बोलण्याला कार्ट्रिज लागत नाही, फ्रिज लागत नाही, एक्सपायरी डेट नाही.

आकडेमोड

आकडे बरोबर आहेत. पण २०१३ च्याच चाचणीत दोन्ही एकत्र मिळालेल्या डॉक्टरांचं लिहिणं सगळ्यांत कमी होतं, तेही सांगा की.

दुसऱ्या बाजूनेही बघू. व्हिएतनाममध्ये २०१६ साली २,०३७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत अँटिबायोटिक ७८ टक्क्यांवरून ६४ वर आलं. घसरण खरी, पण ६४ अजून ६४ च. थायलंड-म्यानमारमध्ये २०१९ साली दोन कट-ऑफ ताडून पाहिले. कंट्रोल (नेहमीसारखे उपचार मिळालेला गट) ३९ टक्के, २० चा कट-ऑफ ३६, ४० चा ३४. यंत्र आणून ठेवलं आणि आकडा आला तरी डॉक्टरने त्याचं ऐकलं नाही तर फरक पडत नाही.

स्टेथोस्कोप_झिंदाबाद

चला, माझंच म्हणणं वेगळ्या शब्दांत.

कफल्लक

झिंदाबाद साहेब, बोलायचं म्हणजे काय बोलायचं ते तरी सांगा. नुसतं "व्हायरल आहे, जाईल आपोआप" म्हणालं की रुग्ण दुसऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढतो.

स्टेथोस्कोप_झिंदाबाद

"व्हायरल आहे" यानं सुरुवात करायचीच नाही. लोकांना ते "काही झालं नाही" असं ऐकू येतं. आधी विचारायचं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?" बहुतेक वेळा उत्तर न्यूमोनिया किंवा टीबी असतं. मग तपासताना मोठ्याने बोलायचं: "उजव्या बाजूला हवा छान जातेय. डावीकडेही. ऑक्सिजन ९७." माणूस शांत होतो. मग दिवस सांगायचे. साधा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो आणि लोक धरतात सात ते नऊ. दहाव्या दिवशी "औषध लागू पडलं नाही" म्हणून परत येणारा या फरकामुळे येतो. पहिल्याच भेटीत "तीन आठवडे धरून चला" म्हटलं की ती खेप वाचते. शेवटी परत कधी यायचं ते: धाप लागली, छातीत श्वास घेताना टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, किंवा ताप उतरून पुन्हा चढला.

बाह्यरुग्ण

हे सोन्यासारखं आहे. आणि यात सीआरपीची चार मिनिटं कुठे बसतात तेही दिसतंय. मशिन चालू असताना हेच बोलायचं.

नाडीपरीक्षा

बरोबर, पण क्रम उलटा करू नका. आत येतानाच कंपाउंडरने बोट टोचून आकडा हातात दिला की तपासणी त्या आकड्याच्या रंगात होते. ९० बघून स्टेथो लावला की नसलेले क्रेप्ट्सही ऐकू येतात.

उशिरा सुरू करायच्या चिठ्ठीबद्दलही नीट लिहू, कारण 'मधला खण' त्यावरच उभा आहे. "बरं नाही वाटलं तर घ्या" ही सूचना नव्हेच, संध्याकाळी कोणालाच बरं वाटत नाही. तारीख घाला: "अमुक तारखेपर्यंत ताप राहिला तर सुरू करा, आधी धाप लागली तर चिठ्ठी न वापरता परत या." चिठ्ठी घरी न देता दवाखान्यात ठेवून त्या तारखेला घेऊन जायला सांगितलं तर वापर आणखी कमी होतो.

आईची_माया

बालरोगवाले इथे फिरकलेले दिसत नाहीत. वरचे २०-१०० चे खण मोठ्यांचे आहेत, मुलांना लावू नका. व्हिएतनामच्या चाचणीतही पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना १० आणि त्यापुढच्यांना २० असे वेगळे कट-ऑफ होते.

मुलांत प्रश्नच वेगळा असतो: "गंभीर संसर्ग नाही ना?" बेल्जियममधल्या २०१६ च्या अभ्यासात तपासणीवरून धोका वाटणाऱ्या मुलांत ५ च्या खालचा आकडा गंभीर संसर्ग जवळपास वगळायला उपयोगी पडला. पण टोचायचं ते धोका वाटला तरच, सगळ्यांना नाही. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ, ताप ३८ किंवा वर: तिथे सीआरपी करत बसायचंच नाही, सरळ पाठवायचं. कमी आकडा बघून थांबलं आणि पहिल्या बारा तासांतला सेप्सिस (संसर्ग अंगभर भिनणं) असला तर यकृताने अजून कामच सुरू केलेलं नसतं.

अडेनोव्हायरस हा मुलांतला मोठा फसवा. घसा लाल, टॉन्सिलवर पांढरं, ताप ३९.५, सीआरपी ८०. सगळं बॅक्टेरियासारखं, आणि व्हायरस निघतो.

चौकस

घशावर पांढरं असेल तर सीआरपी करायची की नाही मग?

आईची_माया

घशाला नाही. तिथे सेंटर किंवा फीवरपेन हे लक्षणांवरून मोजायचे स्कोअर, आणि हवी तर घशाच्या स्वॅबची स्ट्रेप टेस्ट. ती रक्ताची नव्हे. तसंच लघवीच्या जळजळीला लघवीच तपासायची, बोट नाही. कान दुखतो तर कानात बघायचं.

कफल्लक

"कान दुखतो तर कानात बघायचं." या धाग्याचं सुभाषित. _/\_

औषधी_कपाट

आकडा खोटा खाली ठेवणाऱ्या आणि खोटा वर नेणाऱ्या गोष्टी विचारल्याच नाहीत कोणी.

खाली ठेवणाऱ्या: स्टिरॉइडच्या गोळ्या. गंमत म्हणजे त्याच गोळ्या पांढऱ्या पेशी वाढवतात, म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) म्हणतो इन्फेक्शन आणि सीआरपी म्हणते नाही. टोसिलिझुमॅबसारखी इंटरल्यूकिन-६ अडवणारी औषधं घेणाऱ्यात सीआरपी पाहणं फुकट, हुकूमच पोचत नाही तर माल कुठून येणार. यकृत पार निकामी झालेल्यातही तेच. आणि आदल्या दोन दिवसांत कोणी दिलेल्या अँटिबायोटिकचे तीन-चार डोस आधीच पोटात असतील तर उतरता आकडा दिसतो. हे आवर्जून विचारा, रुग्ण त्याला "साधी तापाची गोळी" म्हणतो. पॅरासिटामॉलने मात्र आकड्याला काही होत नाही.

वर नेणाऱ्या: जाडी, सिगारेट, गरोदरपण (थोडीशीच), संधिवात, ताजं ऑपरेशन, मोठा मार. ल्यूपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार) उलट, आजार भडकलेला असूनही सीआरपी बरेचदा मवाळ राहते.

दीर्घज्वर

आणि मलेरिया. मलेरिया असलेल्या भागात तापाला आधी मलेरियाची स्लाइड किंवा रॅपिड टेस्ट, मग सीआरपी. मलेरियात सीआरपी १०० च्या वर सहज जाते आणि तिथे अमॉक्सिसिलिन लिहून फक्त वेळ जातो.

टीबीही विसरू नका. तीन आठवड्यांचा खोकला, वजन उतरतंय, सीआरपी ४५. इथे 'मधला खण' वगैरे काही नाही, थुंकीची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचआयव्ही असलेल्यांत टीबी हुडकायला ५ च्या वरची सीआरपी ही एक पायरी मान्य केली आहे. तीच चाचणी, पूर्ण वेगळा प्रश्न, पूर्ण वेगळा कट-ऑफ. आणि अशा खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन "देऊन बघू" केलं तर टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

चौकस

प्रोकॅल्सिटोनिन जास्त चांगली ना? इन्फेक्शनसाठी खास असं वाचलंय.

आकडेमोड

जास्त खास आहे, लवकर वाढते, आणि व्हायरसमध्ये तितकी चढत नाही. ०.१ च्या खाली नकोच, ०.२५ च्या वर विचार करा, असे ठोकताळे. स्वित्झर्लंडच्या जनरल प्रॅक्टिसमध्ये २००८ साली त्यावर चालवलं तर अँटिबायोटिक ७२ टक्के कमी झालं. पण दवाखान्यात चालत येणाऱ्यांतले बहुतेक ०.२५ च्या खालीच असतात. सगळ्यांना "नाही" म्हणणारी चाचणी आणि "कोणालाच लिहू नका" ही पाटी यांत फरक काय राहिला? तिची खरी जागा हॉस्पिटलात.

थेंबे_थेंबे

मशिन हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) विचारात घेतं की नाही, हे मघाशी राहिलं. सीआरपी प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) असते, आपण टाकतो अख्खं रक्त. मशिनने हिमॅटोक्रिट ४० टक्के गृहीत धरला आणि रुग्णाचा २५ निघाला, तर रक्तात प्लाझ्मा ६० ऐवजी ७५ टक्के. आकडा ७५ भागिले ६०, म्हणजे सव्वापट दाखवणार: खरे २० तर दिसणार २५. उलट ५५ हिमॅटोक्रिटच्या सीओपीडीवाल्यात खरे ४० ते दिसणार ३०. कफल्लक यांच्या ४० च्या रेषेखाली तो बिचारा चुकीनेच जाणार. चांगली मशिनं हिमॅटोक्रिट स्वतः मोजून दुरुस्ती करतात. तुमचं करतं का, ते पत्रकात बघा.

एककही बघा. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर की प्रति लिटर? ४.८ आणि ४८ एकच आहेत. "सीआरपी फक्त पाच, काही नाही" म्हणून घरी पाठवलेला माणूस खरं म्हणजे ५० वर होता, हे या एका शब्दाने होतं. आणि 'एचएस-सीआरपी' लिहून पाठवू नका, ती हृदयविकाराच्या जोखमीसाठीची, १० च्या आतले बारीक फरक मोजणारी.

लिटमस

थेंबेताईंच्या यादीत पट्टीवाल्या टेस्ट राहिल्या. १० च्या खाली, १० ते ४०, ४० ते ८०, ८० च्या वर, असे पट्टे असलेल्या. वेळ पाच मिनिटं म्हटली की पाचच. दहाव्या मिनिटाला वाचलं तर फिकट रेषाही उमटते आणि माणूस एक पट्टा वर सरकतो. ती वाचताना टायमर लावा आणि खिडकीजवळ वाचा.

पण माझा प्रश्न धागाकर्त्याला आहे. तुमचे ४८ कुठल्या पद्धतीचे?

बाह्यरुग्ण

रिपोर्टवर 'सीआरपी लॅटेक्स : पॉझिटिव्ह, ४८ मिग्रॅ/लिटर' असं धरलंय. का?

लिटमस

वाटलंच. ४८ हा आकडा बघूनच शंका आली होती.

लॅटेक्स स्लाइड टेस्ट सीआरपी मोजत नाही, गुठळ्या होतात की नाही एवढं बघते. काळ्या स्लाइडवर सीरमचा (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) थेंब, लॅटेक्सचा (सीआरपीला चिकटणारे बारीक कण) थेंब, काडीने ढवळायचं, दोन मिनिटं हलवायचं. साधारण ६ च्या वर असेल तर गुठळ्या. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं: १ ला २, १ ला ४, १ ला ८. शेवटच्या ज्या पायरीला गुठळ्या दिसल्या तिला ६ ने गुणायचं. म्हणून या पद्धतीत आकडे येतात ते ६, १२, २४, ४८, ९६ असे दुपटीनेच. ३७ किंवा ६१ कधी येणारच नाही. तुमचे ४८ म्हणजे १:८ ला गुठळ्या, १:१६ ला नाहीत. अर्थ: ४८ ते ९६ च्या मधे कुठेतरी. शिवाय टायटरमध्ये (गुठळ्या दिसलेली शेवटची पायरी) एक पायरी इकडे-तिकडे होणं पद्धतीतच धरलेलं असतं, म्हणजे खालून २४ पासून.

आणि पातळ न करता नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला रिपोर्ट या प्रश्नासाठी निरुपयोगी. ६ ची रेषा साध्या सर्दीतही ओलांडली जाते. उलट सीआरपी फारच जास्त असेल तर पातळ न केलेल्या सीरममध्ये गुठळ्या दिसतच नाहीत, प्रोझोन. माणूस अगदीच आजारी आणि लॅटेक्स निगेटिव्ह, तर १:१० करून पुन्हा लावायला सांगा.

थेंबे_थेंबे

+१. सगळ्यांचे डोळे आकड्यावर आणि मीसुद्धा हिमॅटोक्रिट सांगत बसले. लॅटेक्स सीरमवर होते, तिथे हिमॅटोक्रिटचा संबंधच नाही!

आकडेमोड

म्हणजे २० आणि १०० च्या मधे तीनच पायऱ्या असलेल्या पट्टीने आपण २२ आणि ९८ चा वाद घालत होतो. छान.

नाडीपरीक्षा

तरी उत्तर द्यायला हरकत नाही. दिवस तिसरा. व्हायरल आजारातही सीआरपी दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि पहिल्या आठवड्यात ४०-६० पर्यंत जाणं काही विशेष नाही. इन्फ्लुएन्झात त्याहून वर. म्हणजे हा आकडा टेकडीच्या माथ्यावर काढलेला आहे. श्वास १८, ऑक्सिजन ९७, छाती स्वच्छ: आज अँटिबायोटिक लिहिणार नाही. ४८ तासांनी पुन्हा करायची, त्याच पद्धतीने, शक्यतो आकडा देणाऱ्या मशिनवर. १९ तासांच्या अर्धायुष्याने कारखाना बंद पडला तर दोन दिवसांत साधारण सहाव्या हिश्श्यावर यायला हवी. प्रत्यक्षात तो एकदम बंद पडत नाही, तरी निम्म्याच्या खाली आली तर मिटलं. तिथेच राहिली किंवा चढली तर एक्स-रे.

हाच ४८ नवव्या दिवशी, ताप उतरून पुन्हा चढल्यावर आला असता तर त्याच दिवशी एक्स-रे सांगितला असता. म्हणून रिपोर्टवर आकड्याशेजारी आजाराचा दिवस लिहायचा. 'सीआरपी ४८ / दि. ३'.

स्टेथोस्कोप_झिंदाबाद

पहिल्यांदाच सहमत. फक्त ४८ तासांनी बोलावताना टोचायला बोलावू नका, छाती ऐकायला बोलावा. आकडा त्यानंतर.

बाह्यरुग्ण

दुरुस्ती नोंदवतो. केसपेपरवर आता असं लिहीन: 'सीआरपी ४८ (लॅटेक्स, १:८), दि. ३, आधी अँटिबायोटिक/स्टिरॉइड नाही, श्वास १८ पूर्ण मिनिट.' चिठ्ठी नाही, दोन दिवसांनी भेट, आधी धाप लागली तर लगेच.

लिटमस, पट्टीवाल्या टेस्टमध्येही प्रोझोन होतो का?

लिटमस

काहींत होतो. फार जास्त सीआरपी असेल तर टेस्टची रेषा उलट फिकट पडते, त्याला हुक इफेक्ट म्हणतात. पट्टीवर बफर टाकायचा असेल तर थेंब मोजूनच टाका. एक कमी पडला की रक्त कमी पातळ होतं आणि हुक अलीकडेच येतो.